बाटलीतला साका

बाटली अगदी हळूहळू उभी करत आदितीनं तिच्यामागे मोबाईलचा दिवा धरला. हॉटेलच्या जिन्याखालच्या त्या खोलीत कांद्याचा वास इतका भरला होता की डोळे चुरचुरत होते. काचेच्या एका बाजूला काळपट साका, वर्षानुवर्षांचा गाळ, चिकटून बसला होता. दिव्यापुढे दारूचा रंग कडेला विटकरी आणि मध्ये अजून लाल दिसत होता.

"काय म्हणतीया?" सम्राटनं विचारलं. आजारी माणसाच्या खोलीत विचारावं तसं.

"पातळी उतरली आहे. मानेपर्यंत हवी होती. खांद्याच्या खाली गेली आहे."

"कुणी प्यालेलं न्हाय हां आदितीताई. वरचं टोपण बघा, जसंच्या तसं हाय."

"पिऊन नाही रे. बुचातून थोडी थोडी उडून गेली. जेवढी गेली तेवढी हवा आत आली."

"मग हवा आली तर काय हुतंय?"

"कधी काही होत नाही. कधी शिर्का होतो, व्हिनेगर."

सम्राटची बायको मोना दारात उभी होती. पदर नाकाला लावून ती म्हणाली, "ताई, एक बोलू? पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोटो बघूनच भाव सांगितलाय. तुम्ही असं एकेक काढून भाव पाडणार असाल तर..."

"मोना!" सम्राट ओरडला.

"ओरडू नका. हॉटेल विकायची पाळी माझ्यामुळं आलेली न्हाय."

आदितीनं दिवा बंद केला. आपलं बोलणं मोनाला कसं ऐकू येत असेल हे तिच्या आत्ता लक्षात आलं. दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती रोज हेच करायची. समोर जे असेल त्यातले दोष आधी मोजायचे, चांगलं मागाहून. बाटली स्वस्त व्हावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ती जिवंत असावी, एवढंच हवं होतं.

बाटलीवर १९९८ साल होतं. त्या वर्षी तिचा भाऊ सम्मेद चोवीस वर्षांचा होता आणि फ्रान्समधल्या सेंत एमिलियों नावाच्या गावाजवळच्या एका लहानशा मळ्यात उमेदवारी करत होता. त्याच्या हातची ती पहिली सुगी. द्राक्षं खुडण्यापासून पिंपं धुण्यापर्यंत सगळं त्यानं केलेलं. तीन वर्षांनी दिवाळीला आला तेव्हा ही बाटली त्यानं स्वेटरात गुंडाळून आणली होती. वडिलांनी, आप्पांनी, ती घरात येऊ दिली नाही. शाहूपुरीत गुळाची आडत चालवणाऱ्या, कडक जैन नेमगोंडा मगदुमांचा, साखरेचं शास्त्र शिकायला म्हणून पाठवलेला पोरगा दारू करतो, हे त्यांना त्या बाटलीमुळंच कळलं. "उंबऱ्याच्या आत न्हाय," एवढं एकच वाक्य ते बोलले होते. सम्मेद बाटली घेऊन मित्राकडे, म्हणजे सम्राटकडे आला, आणि सम्राटच्या वडिलांनी, आकारामकाकांनी, ती अभिमानानं गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात उभी केली. वर दिवा सोडला. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "मगदुमाच्या पोरानं केलीया, फ्रान्सात."

आणि नुकसान झालं ते त्याच अभिमानानं. उभ्या बाटलीचं बूच सुकतं, दिव्यानं दारू तापते. चार वर्षांनी फोनवर सम्मेदला हे कळलं तेव्हा तो कळवळून म्हणाला होता, "काका, झोपवा तिला. अंधारात, गार जागी." हॉटेलात सगळ्यांत गार आणि अंधारी जागा कांद्याबटाट्याची. काकांनी तिथं, बटाट्याच्या पोत्यांमागे, गोणपाटात गुंडाळून ती निजवली. काका गेले. दोन वर्षांपूर्वी सम्मेदही गेला, तिकडेच, मळ्यात काम करता करता, छातीत कळ येऊन.

त्याचे कपडे तेवढे घरी आले. शेजारच्या भल्या बाईनं धुऊन, इस्त्री करून पाठवलेले. आईनं, अव्वानं, एकेक सदरा नाकाशी धरला होता. सगळे धरून झाल्यावर घड्या घालत म्हणाली होती, "ह्यात त्याचं काय बी न्हाय गं."

म्हणून परवा सम्राटचा फोन आला, "हॉटेल मोडतोय, सम्म्याची बाटली हाय," तेव्हा अव्वानं एकच विचारलं, "त्याच्या हातचं हाय न्हवं?"

आदितीनं समजावलं होतं की दारूला माणसाचा वास येत नसतो. अव्वा म्हणाली, "मला नको शिकवू. त्यानं ज्याच्यासाठी घर सोडलं त्याचा वास कसला हाय, ते तरी कळू दे."

आता बाटलीत वास उरलाय की शिर्का झालाय ते ठरायचं होतं, आणि ठरवायला काही साधन नव्हतं. दुधाच्या कॅनमधून चमचाभर काढून तपासता येतं, कॅन तसाच राहतो. इथं तपासायचं म्हणजे उघडायचं आणि उघडलं की संपलं. आत शिर्का निघाला तर अव्वाला मुलाची शेवटची ओळख म्हणून शिर्काच राहणार. न उघडता पुण्याला जाऊ दिली तर काहीच राहणार नाही.

"पुण्याचं गिऱ्हाईक जे देणार तेच मी देते," ती म्हणाली.

मोना गांगरली. "अहो, खराब हाय म्हणताय, मग जरा तरी घासाघीस करा की!"

"खराब आहे असं नाही म्हटलं. माहीत नाही असं म्हटलं."

"असलं गिऱ्हाईक जन्मात बघितलं न्हाय," मोना पुटपुटली. मग आत गेली आणि कपाटातून चार उंच दांड्याचे पेले घेऊन आली. कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "ह्ये असंच न्या. हॉटेलातलं शेवटचं हाय. सम्मेदभावजींच्या हातचं हाय, स्टीलच्या वाटीत वतू नका."

गाडीत सम्राट मागं बसला. बाटली आडवी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आला की म्हणायचा, "ताई, दमानं. साका हलतोय."

* * *

आदितीचा मोठा भाऊ अभिनंदन, तिचा अण्णा, घरालगतच्या आडतीच्या फळीवर उभा राहून गुळाच्या रव्यांचा, ढेपांचा ट्रक उतरवून घेत होता. "आण तू, मी हाय की," असं सकाळी फोनवर म्हणालेला तो आता गाडीतून बाटली निघताना बघून अंगणाच्या मधोमध आला.

"आदिती, आत न्यायची न्हाय."

"सकाळी तू..."

"सकाळी आप्पा दुकानात नव्हते." तो आवाज दाबून म्हणाला. "आता माडीवरनं खाली आलेत. उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसलेत. माझ्या तोंडात मारून घेऊ काय?"

"अण्णा, बघा तरी," सम्राट म्हणाला. "तेवीस वर्सं संभाळलीया."

"कुठं संभाळलीस?"

सम्राटनं खरं सांगायला नको होतं. पण त्याला खोटं कधी जमलंच नाही. "कांद्याबटाट्याच्या खोलीत."

"आं!" अभिनंदननं कपाळाला हात लावला. "आधीच दारू, वर कांद्यातली! आमच्या घरात कांद्याची सालसुद्धा येत न्हाय, माहीत हाय न्हवं तुला?"

ट्रकवरचे हमाल हसले. आदितीलाही हसू आलं. हे ऐकून सम्मेद सगळ्यांत मोठ्यानं हसला असता.

दारातल्या खुर्चीवर आप्पा बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, धोतर, पांढरी टोपी, हात काठीवर. त्यांची नजर बाटलीवर नव्हती, ट्रकवर होती. त्यांच्या मागून अव्वा आली. सीताबाई मगदूम, गुडघ्यांनी अधू झालेली. एका हातानं चौकट धरून तिनं आधी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा.

"कुठं निघालीस?" आप्पांनी विचारलं.

"कुठं न्हाय. ती आत येत न्हाय, तर मी भाईर जाते. अभिनंदन, खुर्ची आण."

अभिनंदननं एकदा आप्पांकडं, एकदा आईकडं पाहिलं. मग प्लॅस्टिकची खुर्ची आणून अंगणात ठेवली, विहिरीच्या कट्ट्याशेजारी. आणि स्वतः तिच्या मागं उभा राहिला.

"दिवस मावळायच्या आत काय ते करा," अव्वा म्हणाली.

बूच निघताना अर्ध्यात तुटलं. आदितीला ते अपेक्षित होतं. तिनं उरलेला तुकडा तिरपा काढायचा प्रयत्न केला, पण तो भुग्यासारखा आत पडला. सम्राटनं जीभ चावली.

"आता?"

"गाळावं लागेल. साका आहेच, त्यात बुचाचा भुगा. चहाची गाळणी नको, पातळ कापड हवं. ज्याला साबण लागलेला नाही असं."

म्हणून झाल्यावर तिला उमगलं की असं कापड कोल्हापुरात कुणाच्या घरी असेल तर ते याच घरात आहे. अव्वानंही मान वर केली.

या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. नळाचं असो, विहिरीचं असो. पाण्याची फडकी वेगळी, नुसत्या पाण्यात धुतलेली, साबणाला कधी न शिवलेली. आणि गाळून झालं की काम संपत नसे. फडक्यावर जे राहील ते उलटं करून, ज्या विहिरीचं पाणी तिच्यातच अलगद परत सोडायचं, फडकं वाळायच्या आत. आत बारीक जीव असतात, ते आपल्या घरी गेले पाहिजेत. लहानपणी हे काम आदिती आणि सम्मेदकडं असायचं. सम्मेद विहिरीत वाकून विचारायचा, "पोचले का रे?" पुढं दोघांनीही सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, त्याचं मूळ त्या विहिरीत होतं असं तिला नेहमी वाटे.

"कपाटात कोरं फडकं हाय, आण," अव्वा अभिनंदनला म्हणाली.

"अव्वा, पाण्याच्या फडक्यातनं दारू?"

"कोरं हाय म्हटलं न्हवं? त्याला अजून पाणी ठाऊक न्हाय न् दारू बी न्हाय. आण."

तो आत गेला. आप्पांच्या खुर्चीला वळसा घालून जाताना त्यानं मान खाली घातली. फडकं घेऊन परत येताना मात्र सरळ आला.

आदितीनं कापड विहिरीच्या पाण्यात भिजवून पिळलं, काचेच्या भांड्यावर ताणून सम्राटला धरायला लावलं आणि ओतायला सुरुवात केली. सावकाश, एका धारेत. कापडावर जांभळट काळा गाळ साचत गेला. खाली भांड्यात उतरलं ते स्वच्छ होतं. पेल्यात घोटभर घेऊन तिनं आधी स्वतः वास घेतला.

कोंदट. ओली भिंत, बंद पेटी, आणि त्यामागे काहीतरी टोचणारं.

तिनं चेहरा सरळ ठेवला. पण अभिनंदननं पेला तिच्या हातातून घेऊन हुंगलाच. तीस वर्षं गुळाच्या सौद्यात नाक वापरलेला माणूस तो.

"आंबलंय," तो म्हणाला. तोंडातून निघून गेल्यावर आईकडं बघून हळहळला. "म्हंजे... जरासं."

दारातून आप्पांचा आवाज आला, तेवढाच, रागाविना. "आंबणारच. आंबवायचाच तर धंदा होता."

गुळाच्या घरात याहून वाईट शब्द नाही. उसाच्या रसाला आंबूस वास आला की उकळत्या रसाची काहील गेली, माल गेला, नाव गेलं. तेवीस वर्षं आप्पा सम्मेदबद्दल हाच शब्द वापरत आले होते. अव्वानं हात पुढं केला होता, तो मांडीवर परत घेतला.

"थांबा," आदिती म्हणाली. "लगेच ठरवू नका. सव्वीस वर्षं श्वास कोंडलेला आहे. थोडी हवा लागू दे."

"आधी तुम्हीच म्हणालासा, हवेनंच बिघडती," सम्राट म्हणाला.

"हो. हवेनंच बिघडते आणि हवेनंच उघडते. थोडा वेळ उघडी राहते, मग जाते. तेवढ्यात गाठायची."

मग सगळे नुसते बसले. ट्रक रिकामा होऊन निघून गेला. सम्राट सांगू लागला, सम्म्या आणि तो जोतिबाला चालत गेले होते तेव्हा वाटेत सम्म्यानं रानातली करवंदं खिशात कुस्करून ठेवली आणि दोन दिवसांनी हुंगून म्हणाला, "सम्र्या, काहीतरी चाललंय बघ आत." पँट टाकून द्यावी लागली होती. "मार खाल्ला व्हता त्येनं," सम्राट म्हणाला.

"माझाच," अव्वा म्हणाली.

ऊन कट्ट्यावरून उतरून भिंतीवर गेलं होतं. आदितीनं पेला पुन्हा नाकाशी धरला. ओली भिंत निघून गेली होती. टोचणारं अजून होतं, पण मागं, बारीक. पुढं काहीतरी कोरडं, गोडसर, तपकिरी आलं होतं. तिला नाव सापडेना. तिनं काही न बोलता पेला अव्वाच्या हातात दिला.

अव्वानं डोळे मिटले. पेला नाकाशी तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "आमची वखार."

"कुठली?"

"बाबांची. निपाणीची. तंबाखू भट्टीला लावून, रचून ठेवल्यावर पावसाळ्यात दार उघडलं की असाच वास यायचा." तिनं पुन्हा हुंगलं. "सम्मेद सुट्टीत तिथंच निजायचा. घरात निज म्हटलं तर ऐकायचा न्हाय. पोत्यांवर निजायचा, सकाळी केसांना हाच वास." तिनं पेला दोन्ही हातांनी धरला. "त्याच्या केसांचा वास हाय ह्यो."

आदितीला ठाऊक होतं की जुन्या लाल वाईनला तंबाखूचा वास येतो. का येतो हेही ती सांगू शकली असती.

अव्वानं मान वळवली. "ऐकलंसा का?" ती दारातल्या माणसाला म्हणाली. "माझ्या बापानं जन्मभर तंबाखू पिकवली. घरातल्या कुणी चिमूटभर तोंडात टाकली न्हाय. पिकवायची न् विकायची. त्या घरात तुम्ही मुलगी बघायला आलासा, वखारीच्या दारात बसून दूध प्यालासा. तवा न्हाय कुठला वास आला तुम्हाला?"

अभिनंदननं आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. सम्राट जमिनीकडं बघत होता.

काठी वाजली. आप्पा उठले होते. उंबरा ओलांडताना त्यांना वेळ लागला, पण अभिनंदन पुढं झाला तसा त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. कट्ट्यापाशी येऊन ते उभे राहिले. अव्वानं पेला पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. तिच्या हातात असतानाच खाली वाकले आणि दीर्घ श्वास घेतला, सौद्यात गुळाचा रवा फोडून बघताना घेत तसा.

"निपाणी," ते म्हणाले.

एवढंच. सम्राटनं दुसऱ्या पेल्यात स्वतःला ओतून घेतली, "सम्म्या, लेका," असं म्हणून एका दमात प्याला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आदितीनं एक घोट घेतला. प्रयोगशाळेत चव घेऊन थुंकायची तिला सवय होती. हा तिनं थुंकला नाही. तोंडात आंबट, कोरडं, मग पुष्कळ वेळ रेंगाळणारं काहीतरी. ते ओसरायला लागलं तसं तिला कळलं की पेल्यातलंही ओसरतंय. वखार मागं सरत होती. अजून थोड्या वेळानं नुसतं आंबट पाणी राहील.

"गेलं का गं?" अव्वानं विचारलं. तिलाही जाणवलं होतं.

"जातंय."

"जाऊ दे. आलं हुतं." तिनं पेला खाली ठेवला नाही.

आप्पांची नजर भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर होती. मधोमध सम्मेदच्या त्या सुगीचा साका साचला होता, ओला, चिखलासारखा. त्यांनी काठी कट्ट्याला टेकवली आणि फडक्याची चारी टोकं गोळा करून ते अलगद उचललं. पन्नास-साठ वर्षांच्या सवयीनं ते विहिरीकडं वळले, वाकले, फडकं उलटं करायला हात पुढं केला. आणि थांबले.

"ह्ये हितलं न्हाय," ते म्हणाले.

फडकं हातात तसंच धरून ते तिच्याकडं वळले.

"आदिती. ह्ये कुठं सोडायचं?"

तिला सांगता आलं असतं की त्यात आता जिवंत काही नाही. सव्वीस वर्षांच्या बाटलीत काही जगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते स्फटिक आणि मेलेलं यीस्ट दिसेल.

"त्याच्या मळ्याखालून नदी जाते, आप्पा."

"नाव काय?"

ती बाटली पहिल्यांदा दारात आली त्या दिवसापासून आप्पांनी त्या देशातल्या कशाचंही नाव विचारलं नव्हतं. "दोर्दोन्य," ती म्हणाली.

त्यांचे ओठ हलले. नाव अर्ध्यात तुटलं. "पुन्यांदा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. भिंतीवरचं ऊन गेलं होतं. अव्वानं हाक मारली, "चला, पाणी प्यायचं असंल तर प्या, दिवस मावळतोय." आप्पांनी कट्ट्यावरचा तांब्या उचलला. पण प्याले नाहीत. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी ते थेंब थेंब फडक्यावर सोडलं, काठ सुकायला लागला होता तिथं आधी.

"किती लांब हाय?" त्यांनी विचारलं. "वाळायच्या आत पोचायला पायजे."